गाळणीच्या घराण्यातले दातवाले

१८०७ साली फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ एतिएन जोफ्रुआ सेंट-इलेर यांनी देवमाशाच्या एका गर्भाचा जबडा तपासला, तेव्हा हिरड्यांच्या आत त्यांना दातांचे कोंब दिसले. यात नवल असं की तो गर्भ बलीन देवमाशाचा होता. या देवमाशांना जन्मापासून मरेपर्यंत एकही दात नसतो. तरीही आईच्या पोटात दातांचे कोंब फुटतात, थोडे वाढतात आणि पिल्लू जन्माला येण्याआधीच विरून जातात. जे दात कधी वापरायचेच नाहीत, ते घडवायला शरीर सुरुवात तरी का करतं? त्या काळच्या शास्त्राकडे याचं समाधानकारक उत्तर नव्हतं.

अर्ध्या शतकानंतर चार्ल्स डार्विनला ते मिळालं. १८५९ च्या आपल्या ग्रंथात उत्क्रांतीच्या बाजूनं पुरावे मांडताना त्यानं गर्भातल्या या दातांचा मुद्दाम उल्लेख केला. पूर्वजांना दात होते, वंशजांचे गेले आणि जाताना खूण मागे राहिली. पुढे दीडशे वर्षांनी हीच खूण जनुकांतही सापडली. दातावरचं कठीण कवच, म्हणजे एनॅमल, तयार करणाऱ्या जनुकांपैकी एक आहे एमएमपी-२०. आजच्या सगळ्या बलीन देवमाशांमध्ये ते निकामी झालेलं आहे आणि सगळ्यांमध्ये बिघाड एकाच जागी, एकाच पद्धतीचा आहे, असं २०११ मध्ये अमेरिकी संशोधकांनी दाखवलं. याचा अर्थ हा बिघाड त्यांच्या एका सामायिक पूर्वजात झाला आणि तिथून तो साऱ्या घराण्यात उतरला.

दात होते, एवढं ठरलं. पण त्या दातांनी ही मंडळी नेमकं करत काय होती, हा प्रश्न उरलाच. त्याचं उत्तर शोधायला मदत झाली ती ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यावर सापडलेल्या एका कवटीची. तिच्या मालकाचं आजचं नाव जॅनजुसीटस. बलीन देवमाशांच्या घराण्याबद्दल जे गृहीत धरलं जात होतं, त्यातलं बरंचसं या एका प्राण्यानं मोडीत काढलं.

आधी आजच्या घराण्याकडे पाहू. निळा देवमासा, कुबड्या देवमासा, राइट व्हेल, ब्राइड्स व्हेल हे सगळे बलीन देवमासे. यांच्यातला निळा देवमासा तीस मीटरच्या आसपास लांबी गाठतो. पृथ्वीवर आजवर जगलेल्या प्राण्यांत त्याच्याहून वजनदार प्राणी ठाऊक नाही. आपल्याकडेही ही मंडळी येतात. २०१५ मध्ये सिंधुदुर्गाच्या समुद्रात निळे देवमासे दिसल्याची नोंद संशोधकांनी केली, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याच्या वाळूत अडकलेलं, टीव्हीवरून घराघरांत पोचलेलं पिल्लूही याच गटातलं.

एवढा मोठा देह पोसला जातो तो मात्र आपल्या जवळ्याएवढ्या जिवांवर. वरच्या जबड्याला दातांच्या जागी शेकडो पातळ पट्ट्या लोंबत असतात. याच त्या बलीन पट्ट्या. आपली नखं आणि केस ज्या केराटिनचे बनलेले असतात, त्याच द्रव्याच्या या पट्ट्या आतल्या कडेला झिजून केसाळ होतात आणि एकमेकींत गुंतून गाळणी तयार होते. निळा देवमासा आणि त्याचे जवळचे भाईबंद जबडा सताड उघडून पाण्यावर झेप घेतात आणि टनावारी पाणी एका घासात तोंडात घेतात. मग ते पाणी पट्ट्यांमधून बाहेर ढकललं जातं आणि क्रिलसारखे जीव आत अडकतात.

हे साधायला नुसत्या पट्ट्या पुरत नाहीत. खालच्या जबड्याची दोन हाडं हनुवटीपाशी एकमेकांना पक्की जोडलेली नसतात. लवचीक ऊतीनं बांधलेली असल्यामुळे ती बाहेरच्या बाजूला कलू शकतात आणि तोंडाचा पसारा वाढतो. वरचा जबडा रुंद, त्याच्या कडा पातळ. टाळूवर पट्ट्यांना रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांच्या खाचा असतात. या खाचांना पुढे फार महत्त्व येणार आहे, कारण केराटिन कुजतं आणि बलीनचे जीवाश्म क्वचितच उरतात. एखाद्या प्राचीन देवमाशाच्या तोंडात पट्ट्या होत्या की नाही, हे पुष्कळदा हाडावरच्या खाचांवरून ठरवावं लागतं. तिथेच वाद सुरू होतात.

विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत दातवाल्या बलीन देवमाशांचे काही अवशेष हाती आलेले होते. त्यांच्याबद्दल एक सोयीचं चित्र रूढ झालं होतं. अंटार्क्टिकाच्या समुद्रात आज क्रॅबईटर नावाचा सील राहतो. नाव खेकड्यांचं असलं तरी तो खातो क्रिल. त्याच्या दाढांना अनेक टोकं असतात, आणि वरचे-खालचे दात मिटले की त्यांची जाळी तयार होते. प्राचीन देवमाशांच्या दाढाही अनेक टोकांच्या असल्यामुळे तेही दातांनी पाणी गाळत असावेत, आणि पुढे दातांची जागा पट्ट्यांनी घेतली असावी, असा तर्क होता. दात, मग गाळणारे दात, मग गाळणाऱ्या पट्ट्या. तीन पायऱ्यांचा हा जिना दिसायला इतका नेटका होता की त्याच्यावर शंका घेण्याची इच्छा होऊ नये.

मेलबर्नच्या नैर्ऋत्येला सुमारे शंभर किलोमीटरवर टॉर्की हे गाव आहे. ग्रेट ओशन रोड इथून सुरू होतो. त्याला लागून जॅन जक ही छोटी वस्ती, आणि थोड्याच अंतरावर बेल्स बीच. लाटांवर स्वार होणाऱ्यांसाठी ही पंढरीच. इथल्या कड्यांमध्ये चुनखडीमिश्रित चिकणमातीचे करडे थर आहेत. ते सुमारे अडीच कोटी वर्षांपूर्वी, ऑलिगोसीन कालखंडाच्या उत्तरार्धात, समुद्राच्या तळाशी साचले. भूशास्त्रात त्या थरांना वस्तीचंच नाव आहे, जॅन जक मार्ल. १९९० च्या दशकाच्या अखेरीस सर्फिंग करायला आलेल्या हंडर आडनावाच्या एका किशोरवयीन मुलाला तिथल्या करड्या दगडात तपकिरी हाडं दिसली. ती पुढे मेलबर्नच्या संग्रहालयात पोचली. दगड कोरून मोकळी केल्यावर हाती आलं ते विलक्षण होतं. जवळजवळ पूर्ण कवटी, खालचा जबडा, काही मणके, बरगड्या, खांद्याच्या हाडांचे भाग. तीन कोटी वर्षांच्या आसपासचे देवमासे बहुधा एखाद्या दातावरून किंवा कानाच्या हाडावरून ओळखावे लागतात. त्या मानानं ही चैन होती.

मोनॅश विद्यापीठात पीएचडी करणाऱ्या एरिक फिट्झजेरल्ड यांनी तिचा अभ्यास केला, आणि २००६ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात नवी प्रजाती जाहीर केली. वस्तीच्या नावावरून प्रजाती जॅनजुसीटस आणि शोधणाऱ्या मुलाच्या आडनावावरून जातीचं नाव हंडेराय. लेखाच्या शीर्षकातच फिट्झजेरल्ड यांनी या प्राण्याला चमत्कारिक म्हटलं होतं. शास्त्रीय नियतकालिकांच्या भाषेत ही मोठीच सूट, पण ती अनाठायी नव्हती.

जॅनजुसीटसची लांबी साडेतीन मीटरच्या आत-बाहेर, म्हणजे आजच्या एखाद्या मोठ्या डॉल्फिनएवढी. कवटी साधारण अर्धा मीटर. मुस्कट आखूड, बुडाशी रुंद, वरून पाहिलं तर त्रिकोणी. डोळ्यांच्या खोबणी कवटीच्या मानानं फार मोठ्या. आजच्या बलीन देवमाशांचं डोकं अवाढव्य आणि त्यात डोळा इवलासा. इथे उलट प्रकार. समोर पटाशीचे दात आणि सुळे, मागे दोन-दोन मुळांच्या दाढा, आणि दाढांच्या कडांना करवतीसारखे दाते. आखूड मुस्कटाचा फायदा असा की चावा जोरकस बसतो. लांब, चिंचोळ्या जबड्याला झटकन मिटता येतं, पण टोकाशी ताकद पोचत नाही. जॅनजुसीटसनं ताकदीची बाजू घेतली होती. मोठे डोळे, मजबूत जबडा, कापणाऱ्या दाढा, हा सगळा सरंजाम एकेका भक्ष्याला हेरून, पाठलाग करून पकडणाऱ्या शिकाऱ्याचा आहे. डॉल्फिन आणि स्पर्म व्हेल यांच्याप्रमाणे आवाज सोडून प्रतिध्वनीवरून भक्ष्याचा माग काढण्याची सोयही त्याच्याकडे नसावी. भिस्त नजरेवर.

मग याला बलीन देवमासा का म्हणायचं? बलीन नाही, गाळणी नाही, आकार नाही. वाचकाच्या मनात हा प्रश्न येणं साहजिक आहे, आणि त्याचं उत्तर कवटीच्या बांधणीत आहे.

देवमासे जमिनीवरून पाण्यात आले. त्यांचे आरंभीचे अवशेष भारतीय उपखंडातच मिळतात, आणि त्यात आपल्या भूशास्त्रज्ञांचा वाटा मोठा आहे. जम्मूतल्या कालाकोटजवळ ए. रंगा राव यांनी गोळा केलेल्या दगडांतून इंडोह्यस हा छोटा खुरवाला प्राणी बाहेर आला. तो देवमाशांचा अगदी निकटचा नातलग असल्याचं २००७ मध्ये हान्स थेविसन, सुनील बाजपाई आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. कच्छमध्ये अशोक साहनी, बाजपाई आणि इतरांनी चार पायांच्या देवमाशांचे अवशेष शोधले. त्यातल्या एका प्रजातीचं नावच कच्छीसीटस आहे. पाण्यात कायमचं राहायला लागल्यावर देवमाशांच्या नाकपुड्या मुस्कटाच्या टोकावरून हळूहळू मागे सरकत कपाळावर गेल्या. त्या ओघात वरच्या जबड्याचं हाडही मागे पसरत गेलं. ज्या देवमाशांपासून पुढे डॉल्फिन आणि स्पर्म व्हेल झाले, त्यांच्यात हे हाड डोळ्याच्या खोबणीच्या वरून मागे गेलं. दुसऱ्या शाखेत ते डोळ्याच्या खालून पसरलं. ही दुसरी शाखा म्हणजे बलीन देवमासे.

जॅनजुसीटसचं हाड डोळ्याखालून जातं. त्याच्या वरच्या जबड्याच्या कडाही बलीन देवमाशांसारख्या पातळ आहेत, मुस्कट बुडाशी रुंद आहे. वंशावळ ठरवताना धंदा पाहत नाहीत, हाडं पाहतात. तोंडात गाळणी येण्याच्या कितीतरी आधी हे घराणं वेगळं निघालेलं होतं, आणि त्या वेळी घराण्याचा व्यवसाय शिकारीचा होता. पाणी गाळण्याची युक्ती या घराण्याला पुढे सुचली. नाव मात्र तिच्यावरूनच पडलं, कारण नाव देणारे आपण उशिरा आलो.

इथे एक गैरसमज टाळायला हवा. जॅनजुसीटस हा निळ्या देवमाशाचा पूर्वज नव्हे. तो जगला अडीच कोटी वर्षांपूर्वी, आणि त्याच सुमारास बिनदातांचे, लांब चपट्या मुस्कटाचे, पाणी गाळणारे देवमासेही समुद्रात होते. न्यूझीलंडमध्ये ओटागोच्या खडकांत त्यांच्या तोकाराहिया आणि वाहारोआ अशा प्रजाती सापडल्या आहेत. अमेरिकेत दक्षिण कॅरोलायनात इओमिस्टिसीटसही मिळाला आहे. म्हणजे नवी पद्धत रुळल्यानंतरही जुनी पद्धत सांभाळणारी एक शाखा दक्षिणेच्या समुद्रात टिकून होती. फिट्झजेरल्ड यांनी २००६ मध्ये जॅनजुसीटसला स्वतंत्र कुळ दिलं होतं. पुढे २०१० मध्ये त्यांनीच जुन्या अवशेषांची नव्यानं छाननी केली आणि त्याला मॅमॅलोडॉनच्या कुळात नेऊन बसवलं.

हा मॅमॅलोडॉनही टॉर्कीचाच. १९३९ मध्ये जॉर्ज प्रिचर्ड यांनी त्याचं वर्णन केलं होतं, पण तो नेमका कुठल्या शाखेतला हे ठरायला अनेक दशकं लागली. त्याची लांबी तीन मीटरच्याही आत. मुस्कट बोथट आणि फारच आखूड. दात अतिशय झिजलेले. तोंडाच्या आणि ओठांच्या स्नायूंच्या खुणांवरून फिट्झजेरल्ड यांनी असा अंदाज मांडला की हा प्राणी समुद्राच्या तळाशी भक्ष्य शोषून घेत असावा, आणि पाण्याबरोबर आत जाणाऱ्या वाळूमातीनं दात झिजत असावेत. एकाच किनाऱ्यावर, जवळजवळ एकाच काळात, एकाच कुळातले दोन भाऊबंद. एक पाठलाग करून लचके तोडणारा, दुसरा चिखल चाळणारा. अडीच कोटी वर्षांपूर्वी या घराण्यात धंद्यांची किती विविधता होती, याची ही चुणूक.

जॅनजुसीटसच्या खालच्या जबड्यानं तर सोयीच्या त्या जिन्याची एक पायरीच उखडली. वर सांगितलं तसं, आजच्या बलीन देवमाशांचा खालचा जबडा हनुवटीपाशी सैल असतो. हा सैलपणा आणि वरच्या जबड्याची रुंदी, दोन्ही गोष्टी गाळण्यासाठी एकत्रच विकसित झाल्या असाव्यात असं मानलं जाई. २०१२ मध्ये फिट्झजेरल्ड यांनी जॅनजुसीटसच्या जबड्यावर स्वतंत्र लेख लिहिला. या प्राण्याचा वरचा जबडा रुंद आहे, पण खालची दोन हाडं हनुवटीपाशी घट्ट सांध्यानं जोडलेली आहेत, अगदी बॅसिलोसॉरससारख्या त्याहून पुरातन देवमाशांत असतात तशी. म्हणजे रुंदी आधी आली, सैलपणा मागाहून. रुंद तोंडाचा मूळ उपयोग कदाचित भक्ष्य आत ओढून घेण्यासाठी असावा. पुढे गाळण्याची वेळ आली तेव्हा ती रुंदी आयतीच कामाला आली. उत्क्रांतीत असं वारंवार घडतं. ज्या कामासाठी अवयव घडतो आणि ज्या कामासाठी तो नावाजला जातो, ती कामं वेगळी असू शकतात.

उरला दातांचा प्रश्न. दिसायला दाते सारखे असले म्हणून काम सारखं असेलच असं नाही. मग मोजणार काय? मेलबर्नच्याच डेव्हिड हॉकिंग, फेलिक्स मार्क्स, फिट्झजेरल्ड आणि अलिस्टर इव्हान्स यांनी धार मोजायचं ठरवलं. प्राचीन देवमाशांच्या दातांच्या त्रिमितीय प्रतिकृती बनवून त्यांची तुलना सिंह, डिंगो हा ऑस्ट्रेलियातला रानकुत्रा आणि वेगवेगळे सील यांच्या दातांशी केली. क्रॅबईटरसारख्या गाळणाऱ्या सीलच्या दातांना धार फारशी नसते. ज्या दातानं काही कापायचंच नाही, त्याला धारेची गरज काय? प्राचीन देवमाशांचे दात मात्र सिंहाच्या आणि डिंगोच्या रांगेत बसणारे निघाले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखाचं शीर्षकच सांगत होतं की हे देवमासे दातांनी पाणी गाळत नव्हते. शिकारी होते, कापत होते, फाडत होते.

इतकी गुळगुळीत बाजू मांडली गेली की शास्त्रात दुसरी बाजू उभी राहायला वेळ लागत नाही. त्याच वर्षी, २०१७ मध्येच, दक्षिण कॅरोलायनातून कोरोनोडॉन ही प्रजाती जाहीर झाली. सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वीचा हा देवमासा एका पाणबुड्याला नदीच्या तळाशी सापडला होता. त्याच्या दाढा मोठ्या, रुंद, एकमेकींवर थोड्या चढलेल्या. जोनाथन गाइस्लर आणि सहकाऱ्यांचं म्हणणं असं की तो समोरच्या दातांनी भक्ष्य पकडत असे आणि मागच्या दाढांमधल्या फटींतून पाणीही गाळत असे. दातांच्या टोकांनी नव्हे, फटींनी. मोडीत निघालेला जिना एका अमेरिकी नदीतून असा पुन्हा वर आला.

तिसरी बाजू ओरेगॉनची. तिथल्या किनाऱ्यावर डग्लस एमलाँग नावाचा हौशी जीवाश्मसंग्राहक लहानपणापासून भटकत असे. त्यानं १९६६ मध्ये ईटिओसीटस या दातवाल्या देवमाशाचं वर्णन केलं होतं. याच प्रजातीतल्या एका जातीच्या टाळूवर सान डिएगोच्या टॉमस डेमेरे आणि सहकाऱ्यांना २००८ मध्ये छोटी छिद्रं आणि खाचा दिसल्या. बलीनला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांच्याच या खाचा, म्हणजे दात आणि पट्ट्या काही काळ एकाच तोंडात नांदल्या, असा त्यांचा निष्कर्ष. २०२२ मध्ये एरिक एकडेल आणि डेमेरे यांनी सीटी स्कॅन करून टाळूकडे जाणारे मार्ग आणि दातांकडे जाणारे मार्ग वेगळे असल्याचं दाखवलं आणि आपली बाजू आणखी बळकट केली.

आणि चौथी बाजू पुन्हा एमलाँगच्याच संग्रहातून निघाली. त्यानं १९७० च्या दशकात जमवलेली एक कवटी स्मिथसोनियन संग्रहालयात पडून होती. २०१८ मध्ये कार्लोस पेरेडो, निकोलस पायेनसन आणि सहकाऱ्यांनी तिला माइआबलीना हे नाव दिलं. तीन कोटी तीस लाख वर्षांपूर्वीचा, साडेचार मीटरच्या आसपासचा हा देवमासा. त्याला दात नव्हते, आणि टाळूच्या बांधणीवरून पट्ट्याही नव्हत्या, असं त्यांचं मत. मग तो खात कसा होता? शोषून. गाल आणि जीभ यांच्या जोरावर मासे आणि माकुल आत ओढायचे. या मतानुसार दात आधी गेले, मधे पोकळ तोंडाचा एक काळ गेला आणि मग पट्ट्या आल्या. मार्क्स आणि त्यांच्या मेलबर्नच्या सहकाऱ्यांनीही २०१६ मध्ये ‘आल्फ्रेड’ असं लाडकं नाव मिळालेल्या एका दातवाल्या कवटीच्या दातांवरचे ओरखडे दाखवून शोषण्याच्या बाजूनंच कौल दिला होता.

या चारही बाजू एकाच वेळी पूर्ण खऱ्या असू शकत नाहीत, पण त्या एकमेकींना पूर्ण खोडतही नाहीत. कारण त्या वेगवेगळ्या प्राण्यांबद्दल बोलतात. जॅनजुसीटस चावत होता म्हणून कोरोनोडॉन गाळत नव्हता असं होत नाही. मॅमॅलोडॉन शोषत होता म्हणून ईटिओसीटसच्या टाळूवर पट्ट्या नव्हत्या असंही नाही. खरी चूक झाली होती ती एकच सरळ जिना शोधण्यात. ऑलिगोसीनच्या समुद्रात या घराण्याची पोरं वाटेल त्या दिशेनं प्रयोग करत होती. त्यातला एक प्रयोग आजवर चालू राहिला, बाकीचे थांबले. थांबलेल्यांकडे पाहून चालू राहिलेल्याचा मार्ग सरळ रेषेत आखायचा, हा उद्योग जॅनजुसीटसनंतर अवघड झाला.

प्रयोगांना पोषक पार्श्वभूमीही होती. सुमारे तीन कोटी चाळीस लाख वर्षांपूर्वी पृथ्वी झपाट्यानं थंड झाली आणि अंटार्क्टिकावर बर्फाची चादर चढली. ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण अमेरिका अंटार्क्टिकापासून दूर सरकत गेल्यानं दक्षिणेचा समुद्र सलग झाला, आणि कालांतरानं त्या खंडाला फेरी घालणारा मोठा प्रवाह सुरू झाला. अशा थंड, ढवळल्या जाणाऱ्या पाण्यात खालची पोषकद्रव्यं वर येतात, सूक्ष्म वनस्पती फोफावतात आणि त्यांच्यावर जगणारे जीवही. बलीन देवमाशांच्या आरंभीच्या प्रजाती दक्षिण गोलार्धात मिळतात, हा योगायोग नसावा. पेरूच्या किनाऱ्यावरचा मिस्टाकोडॉन तीन कोटी चौसष्ट लाख वर्षांपूर्वीचा, आजवरच्या बलीन देवमाशांत सर्वांत जुना मानला जाणारा. अंटार्क्टिकाजवळच्या सीमोर बेटावरचा लानोसीटस तीन कोटी चाळीस लाखांचा. लानोसीटसचं पहिलं वर्णन १९८९ मध्ये झालं होतं ते तुटपुंज्या हाडांवरून. कवटीचा बराच भाग हाती आल्यावर न्यूझीलंडचे युअन फोर्डाइस आणि मार्क्स यांनी २०१८ मध्ये हिशेब मांडला, तर लांबी निघाली आठ मीटर. दात धारदार आणि विरळ. गाळणीचा पत्ता नाही, तरी देह आठ मीटरचा. पाणी गाळायला लागले म्हणून देवमासे मोठे झाले, हे समीकरणही मग डळमळलं.

ऑलिगोसीन संपता संपता दातवाल्यांचा बहर ओसरला. मॅमॅलोडॉनचं कुळ सुमारे तीन कोटी ते दोन कोटी तीस लाख वर्षांच्या दरम्यानच दिसतं, त्यानंतर त्याचा मागमूस नाही. त्यानंतरची काही दशलक्ष वर्षं बलीन देवमाशांचे जीवाश्म जगभरातच दुर्मीळ आहेत. त्या अंधाऱ्या काळातून जे बाहेर आले ते सगळे बिनदातांचे. त्या काळातला एक दुवा मेलबर्नच्या संग्रहालयात शंभर वर्षं कुणाच्या नजरेत न भरता पडून होता. १९२१ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियात मरे नदीच्या काठावर सापडलेलं जबड्याचं टोक. २०२३ मध्ये जेम्स रूल आणि सहकाऱ्यांनी त्यावरून देवमाशाची लांबी काढली, ती नऊ मीटर. वय एक कोटी नव्वद लाख वर्षं. एवढ्या जुन्या काळात एवढा मोठा बिनदाती देवमासा तोवर माहीत नव्हता. दहा मीटरांच्या वरचे देवमासे सर्रास दिसू लागतात ते गेल्या काही दशलक्ष वर्षांतच, पण मोठं होण्याची सुरुवात दक्षिणेच्या थंड पाण्यात फार आधी झाली होती, असं या हनुवटीच्या तुकड्यानं सुचवलं.

जॅनजुसीटसची गोष्टही २००६ वर थांबली नाही. जून २०१९ मध्ये जॅन जकच्याच किनाऱ्यावर एका शाळेचे मुख्याध्यापक जीवाश्म शोधत फिरत होते. त्यांना कवटीचे तुकडे, दात आणि कानाची हाडं मिळाली. त्यांनी ती संग्रहालयाला दिली. रुअरी डंकन, फिट्झजेरल्ड आणि सहकाऱ्यांनी ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केलं की ही याच प्रजातीतली दुसरी जात आहे. शोधणाऱ्याच्या आडनावावरून तिचं नाव ठेवलं जॅनजुसीटस डलार्डाय. मॅमॅलोडॉनच्या कुळातली ही जगातली चौथी जात, आणि त्यातल्या तिघी एकट्या व्हिक्टोरिया राज्यातल्या. चौथी न्यूझीलंडची.

हा देवमासा लहान वयात मेला होता. लांबी दोन मीटरहून थोडी अधिक. त्याच्याबरोबर दात आणि कानाची हाडं अशी दोन्ही मिळाली, आणि या कुळात अंतर्कर्णाची रचना इतकी शाबूत असलेला हा पहिलाच नमुना. कानाच्या हाडाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखी पोकळी असते. तिचे वळसे, लांबी आणि रुंदी यांवरून प्राण्याला कोणत्या पट्ट्यातले आवाज ऐकू येत असावेत, याचा अंदाज बांधता येतो. हाड न फोडता स्कॅनरनं ती आता मोजता येते. आजचे मोठे बलीन देवमासे माणसाच्या कानाच्या मर्यादेखालच्या खोल आवाजांतही एकमेकांशी संवाद साधतात. ही क्षमता घराण्यात कधी आली, हे तपासायला एक जुना आणि चांगला कान हाताशी आला आहे. शिवाय हंडेराय प्रौढ, डलार्डाय लहान, आणि लहानग्याचे दात फारसे न झिजलेले. नव्या दातांची धार मुळात किती होती, हे आता झिजलेल्या दातांवरून उलट अंदाज न बांधता पाहता येतं.